इस्सिक-कुलच्या काठी देवपूरची माती

आधी गुलबारा आपाचं नाव लिहितो. ती नसती तर हे लिहायला माझ्याकडे काही उरलंच नसतं. मॅटवर एक पाऊल टाकून तसाच परत आलो असतो आणि गावात विचारणाऱ्यांना सांगत बसलो असतो की तिकडची हवा मानवली नाही. आपा किर्गिझस्तानातली. इस्सिक-कुल नावाचं एक मोठं सरोवर आहे, त्याच्या काठी खेळाडूंची छावणी होती आणि छावणीच्या भटारखान्याची मुख्य ही बाई होती. पन्नाशी ओलांडलेली, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हसली की समोरचे सोन्याचे दात चमकायचे. उपकार तसे देवपूरच्या आबांचेही आहेत, पण आबा रोज समोर आहेत, त्यांचे पाय चेपता येतात. आपा फार लांब आहे. म्हणून तिचं नाव पहिलं.

आता मी कोण ते सांगतो. मी गोकुळ, यावलकडच्या केळीच्या गावातला. नववीत शाळा सोडली आणि घड वाहायला लागलो. बागेतून घड खांद्यावर घ्यायचा आणि चिखलातून ट्रकपर्यंत न्यायचा. त्यानं पाठ अशी झाली की गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांत मला जोड मिळेना. तिथेच धुळ्याच्या आबांनी मला पाहिलं आणि पांझरा नदीपलीकडे देवपूरला आपल्या तालमीत नेलं. आबांच्या हातची माती खाऊनच मी पैलवान झालो.

हे सगळं त्या लोकांसाठी लिहितोय ज्यांनी मला परतल्यावर एकच प्रश्न विचारला, "तिकडे काय होतं रे?" मलाही जाईपर्यंत माहीत नव्हतं. डोंगरातले, गवताळ रानातले पुष्कळ देश एकत्र येतात आणि आपापले जुने खेळ खेळतात. घोड्यावरचे, धनुष्याचे, कुस्तीचे. आपल्या देशाची तिथे जायची ही सुरुवातीचीच वर्षं. पट्ट्याच्या कुस्तीत तर आपल्याकडून आजवर कोणी उतरलंच नव्हतं, असं आमचे मॅनेजर साहेब म्हणाले. निवडीला मी गेलो तेव्हा माझ्या वजनाचा दुसरा कोणी आलाच नाही. असा मी देशाचा झालो.

देवपूर

निघायच्या आधी आबांनी तालमीतली माती चाळली. आमची माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू असं वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. मूठ-दोन मूठ माती त्यांनी कापडी पिशवीत बांधून माझ्या हातात दिली.

"तठे जाशी ते पह्यले माटी, मंग हात. ध्यानमा ठेवजो."

"आबा, तिथं गादीवर खेळतात. मातीचं कामच नाही."

"काम तुन्हं शे का गादीनं? समोरना गडीले माटी दिधी नही ते ती कुस्ती नही, ते भांडन शे."

नवख्यांसाठी सांगतो. आमच्याकडे आखाड्यात उतरलं की चिमूटभर माती कपाळाला लावायची, मग मूठभर समोरच्याच्या अंगावर टाकायची. त्यानंही आपल्या अंगावर टाकायची. घामानं पकड निसटू नये हा एक भाग. खरा भाग असा की मी तुला माझ्या बरोबरीचा मानलं. माती न देता हात घातला तर जत्रेत पंच थांबवतात आणि म्हातारे शिव्या देतात.

मातीला विमानतळावर अडवतील या भीतीनं मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. मातीला कोणी विचारलंसुद्धा नाही. आईनं दिलेली कैरीच्या लोणच्याची बरणी मात्र तेल सांडतं म्हणून काढून घेतली.

सरोवराच्या काठी

त्या सरोवराला आमच्यातला कोणीही समुद्रच म्हणेल. पलीकडचा काठ दिसत नाही, दिसतात ते थेट बर्फाचे डोंगर, पाण्यावर ठेवल्यासारखे. सातपुडा आमचा, मला जीव की प्राण, पण खरं सांगायचं तर त्या डोंगरांपुढे तो शेताचा बांध वाटला. काठानं जर्दाळूची झाडं. आमच्याकडे बांधावर बोर असावी तशी कोणाच्याही बांधावर, फळं कोणीही तोडावीत. लोकर दाबून केलेल्या नमद्याचे गोल पांढरे तंबू, त्यांच्या माथ्याला धूर जायला भोक. म्हातारे उंच पांढऱ्या टोप्या घालून घोड्यावर असे बसतात, जसे आमचे नाना लोक ओट्यावर बसतात. तेवढ्याच निवांतपणे, तेवढ्याच चौकशा करत.

मी मात्र निवांत नव्हतो. पासपोर्ट कमरेला बांधला होता आणि दर थोड्या वेळानं हात तिकडे जायचा. मॅनेजर साहेब नागपूरचे. ते म्हणायचे, "गोकुळ, तुझा पासपोर्ट पळून जाणार नाही, पण तू असा पोट धरून हिंडलास तर डॉक्टर येईल."

सरावातच हरियाणाच्या पैलवानाचा घोटा मुरगळला. आमच्यात पट्ट्याच्या कुस्तीला दोघेच होतो, त्यातला मी उरलो. साहेबांनी मला बाजूला घेतलं. "आता या खेळात आपला देश म्हणजे तू. आपण नवे आहोत. नीट वागलो तर पुढच्या वेळी पुन्हा बोलावतील. जिंकणं नंतर बघू, आधी नीट वाग." मी मान हलवली. तेव्हापासून पासपोर्टसोबत हेही कमरेला बांधलेलं.

आपाचा भटारखाना

पहिल्या जेवणालाच फजिती. आमच्या घरात मांस शिजत नाही आणि तिथे मांसाशिवाय काही शिजत नाही. मेंढी, गाय, घोडा. मी ताटात नुसता पाव घेऊन बसलो. त्या पावाला ते नानच म्हणतात. गोल, जाडसर, मध्ये दाबून नक्षी काढलेली. एक तुकडा मोडला आणि उरलेला नान ताटाशेजारी पालथा ठेवला. तोच माझ्या हातावर फटका बसला.

"नान मुँह नीचे नहीं!"

वर पाहतो तो फुलांचा रुमाल. बाईनं माझा नान उचलला, सुलटा केला, कपाळाला लावल्यासारखा करून परत ठेवला. मला दोन गोष्टींचं नवल वाटलं. एक, भाकरीला पाय लागला तर आईही अशीच करते. दोन, बाई हिंदी बोलत होती.

"आपको हिंदी येती?" मी म्हटलं. घाबरलो की माझी हिंदी मराठीत पडते.

"दिल्ली! बहुत साल. कपड़ा लेता, बोरी भरता, इधर बेचता. 'भैया, लास्ट प्राइस बोलो! झूठ नहीं बोलो!'" आणि मोठ्यानं हसली. तरुणपणी ती दिल्लीहून तयार कपडे आणून इथल्या बाजारात विकायची. तिची सगळी हिंदी घासाघिशीतली होती. तिनं प्रेमानं जेवायला बोलावलं तरी भांडण चाललंय असंच वाटायचं.

तिचं नाव विचारलं तर म्हणाली, आपा म्हण. आमच्या शेजारच्या मुसलमानांच्या घरी मोठ्या बहिणीला आपा म्हणतात, तिकडे आईला म्हणतात. मला दोन्ही चाललं.

मी मांस खात नाही कळल्यावर तिनं कपाळ बडवलं. "पहलवान! घास खाता!" पण त्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळ्या तेलात तळलेले मैद्याचे गोळे, बटाटे, घट्ट साय आणि जर्दाळूचा मुरांबा निघू लागला. घोडीचं दूध मात्र तिनं पाजलंच. आंबट ताकात कोणी सोडा फोडल्यासारखं लागतं. पहिल्या घोटाला डोळे मिटले, पुढे मागून घेतलं.

मी उपकाराखाली नुसता बसू शकत नाही, हात शिवशिवतात. एकदा बाजारातून आलेल्या पोत्यात वांगी दिसली. आमची भरताची हिरवी-पांढरी मोठी वांगी कुठे आणि ती काळी लांबट कुठे, पण वांगी ती वांगी. आमच्याकडे भरीत शेतात आणि पुरुषांनी करायचं असतं, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर. इथे पऱ्हाटी कुठली? जर्दाळूच्या वाळक्या फांद्या पेटवल्या, वांगी भाजली, सोलली, लाकडी मुसळीनं ठेचली. लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि बॅगेतली आईची मिरची.

आपानं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि टेबलावर हात आपटत ती ओरडली, "दिल्ली याद आया!"

भरीत संपलं. तिच्या हाताखालच्या बायका नानाच्या तुकड्यानं भांडं पुसून खात होत्या. मी उलटा पडलेला एक तुकडा हळूच सुलटा केला. आपानं ते पाहिलं आणि आणखी एक नान माझ्यापुढे सरकवला.

मैदान

पट्ट्याच्या कुस्तीचं सोपं आहे. दोघांच्या कमरेला जाड पट्टा. दोन्ही हातांनी समोरच्याचा पट्टा धरायचा, मग काही झालं तरी सोडायचा नाही. पाठीवर टाकला की डाव जिंकला. तीनपैकी दोन डाव ज्याचे, कुस्ती त्याची. समोर तिथलाच नुरबेक नावाचा गडी होता. माझ्याच वयाचा, मान बैलासारखी, चेहरा शांत. त्याचा काका हाच त्याचा उस्ताद. पांढरी टोपी घालून मॅटच्या कडेला बसलेला. हिरवळीवर मॅट, भोवती दोर, दोरापलीकडे गर्दी. आपा पहाटेच नान भाजून मोकळी झाली होती आणि दोराला चिकटून बसली होती.

भोंग्यावर "इंडिया" म्हणाले. अशा वेळी माणूस जे शिकवलंय तेच करतो. मी पट्ट्याच्या घडीतून आबांची पिशवी काढली. चिमूट कपाळाला लावली. मग मूठ भरली आणि रीतीप्रमाणे नुरबेकच्या छातीवर टाकली.

नुरबेकचा चेहरा एकदम उतरला. राग असता तर मला कळलं असतं, पण तो राग नव्हता. तो छातीवरच्या मातीकडे बघत राहिला. काका उठला आणि ओरडला, "तोपुराक!" मग दहा आवाज तेच ओरडले. त्यांच्या भाषेत ती मातीच, हे मला नंतर कळलं. पंचांनी हात वर करून कुस्ती थांबवली.

साहेब धावत आले. "काय टाकलंस त्याच्या अंगावर?"

"माती, साहेब."

"माती? कशाला?"

"आपल्यात टाकतात."

"आपल्यात! इथं आपल्यातलं कोण आहे रे?" त्यांचा आवाज चिरकला. "ते तुला काढायचं म्हणतायत. अपमान केला म्हणून. या कुस्तीत पहिल्यांदा उतरलो आणि हात लावायच्या आधी बाहेर! पुढच्या वेळी कोण बोलावणार आपल्याला?"

घड वाहताना पाय घसरला तर एक घड जातो, इथे सगळी बागच माझ्या खांद्यावर होती.

तेवढ्यात आपा दोराखालून वाकून आत आली. पंच अडवायला गेले, तर त्यांना तिनं असं काही ऐकवलं की ते बाजूला झाले. थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"भैया, सच बोलो. मिट्टी क्यों?"

"आपा, अखाड़े की है. हमारे में पहले देते हैं. सबको."

"हमारे में," ती हळू म्हणाली, "आदमी मरता, तब मिट्टी डालता. ज़िंदा के ऊपर नहीं." मग नुरबेककडे मान वळवली. "इसका पापा इस साल गया. ये अपना हाथ से डाला."

मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. मूठमाती काय आम्ही देत नाही? शेजारचे चाचा गेले तेव्हा कब्रस्तानात मीही दिली होती. तीच मूठ, तेच बोटांतून गळणं. पण आखाड्यातली माती आणि ती माती माझ्या डोक्यात कधी एकत्र आलीच नव्हती.

"आपा, उसको बोलो," मी म्हटलं, आणि हिंदी सुचेना म्हणून मराठीतच बोलत सुटलो. ज्या मातीत मी वाढलो ती ही. हिच्यात माझ्या उस्तादाचा घाम आहे. ज्याला आपण बरोबरीचा मानतो त्यालाच देतात. त्याच्या वडिलांची माफी मागतो. आपाला त्यातलं किती कळलं देव जाणे. पण तिनं माझ्या हातातून पिशवी घेतली, नाकाला लावली आणि डोळे मोठे केले.

"हलदी!"

ती पिशवी घेऊन काकाकडे गेली. त्याला वास दिला. दोघांचं जे चाललं ते मला घासाघीसच वाटली. तिचा हात माझ्याकडे, त्याचा आकाशाकडे. शेवटी काका थांबला. पण नुरबेक पुढे आला. त्यानं आपाच्या हातातली पिशवी घेतली, मूठ गच्च भरली आणि माझ्या छातीवर मारली. जोरात. डोळ्यांत गेली.

"हा सूड झाला!" साहेब ओरडले. "पंच, बघा, हा सूड झाला!"

सूड कसला! माझ्या अंगावरचं सगळं ओझं त्या मुठीनं उतरलं. आबा म्हणतात, दिलेली माती परत आली की कुस्ती उभी राहते. ती परत आली होती. मी छातीवरची माती दोन्ही हातांनी चोळली, कपाळाला लावली आणि नुरबेकला वाकून नमस्कार केला. तो बघतच राहिला. काका आधी खोकला, मग हसला आणि काहीतरी बोलला. मग गर्दीच हसायला लागली.

"क्या बोलता है?" मी आपाला विचारलं.

"बोलता, ये पागल है. पागल के साथ लड़ो, अच्छा है."

पंचांनी दोघांना ताकीद दिली. मॅट झाडून घेतली. आपा जाऊन पुन्हा दोराला चिकटली.

पहिला डाव मी घालवला. जत्रेतली सवय, हात पट्ट्यावरून सुटून त्याच्या पायाकडे गेला, आणि सोडलं की संपलं. दुसऱ्या डावाला मी स्वतःला सांगितलं, गोकुळ, हा पट्टा नाही, घड आहे. घड सोडायचा नसतो, केळी फुटतात आणि मुकादम आई काढतो. नुरबेक दाबत होता, मी धरून होतो. त्यानं रेटा दिला तसा मी त्याच्याखाली बसलो, खांदा लावला आणि उठलो. घड वर आला. त्याची पाठ मॅटवर पडली. तिसऱ्या डावाला आम्ही दोघंही इतके थकलो होतो की एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून उभे होतो. तो एक श्वास जास्त घ्यायला थांबला, तेवढ्यात मी उचलला.

फळ्यावर आपल्या देशाच्या नावापुढे खूण उमटली. या खेळातली पहिली. साहेब फोनवर कोणालातरी सांगत होते आणि रडत होते. दुसऱ्या दिवशी मंगोलियाच्या एका डोंगरानं मला इतक्या झटकन टाकलं की त्याचं तोंडही नीट पाहता आलं नाही. पण ते होणारच होतं. आमची नोंद झाली होती आणि नीट वागलो हेही लोकांना पटलं होतं.

त्या संध्याकाळी नुरबेक भटारखान्यात आला. टोपीभर जर्दाळू माझ्यापुढे ओतले आणि हातानं पिशवीची खूण केली. उरलेली माती हवी होती त्याला. मी पिशवीसकट दिली.

निरोप

निघताना बस छावणीच्या दारात उभी होती. आपा एक अख्खा नान घेऊन आली, अजून गरम.

"काटो."

मला वाटलं शिदोरी. मोडायला लागलो तर हातावर तोच पहिल्या दिवसाचा फटका. "हाथ नहीं. दाँत."

मी दातानं एक घास तोडला. आपानं उरलेला नान माझ्या हातून घेतला आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळला. तिनं सांगितलं ते असं. घरचं पोर लांब निघालं, फौजेत किंवा परमुलखात, की त्याच्याकडून असा एक घास तोडून घेतात. उरलेला नान भिंतीला टांगतात. तो वाळतो, पण कोणी खात नाही, कोणी टाकत नाही. पोर परत येतं आणि आपला नान आपणच संपवतं.

"तुम आएगा," ती म्हणाली. "लास्ट प्राइस. कम नहीं होगा."

बसमध्ये तो घास मी बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

परत

देवपूरला आबा तालमीच्या पायरीवरच बसले होते. पाय धरले तर पहिला प्रश्न, "माटीनी पिशी कठे शे?"

"दिधी, आबा."

"कोनले?"

"ज्याले पाडं त्याले."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "मंग बरोबर शे."

आईला टांगलेल्या नानची गोष्ट सांगितली तेव्हा ती केळीची भाजी चिरत होती. विळी थांबली.

"उष्टं टांगून ठेवलं? अरे बाप्पा, आसं उष्टं कोनी ठेवतं का? मुंग्या लागतीन!"

"तिकडे थंडी असते आई, मुंग्या नसतात."

"थंडी आसो का कायबी आसो." ती पुन्हा चिरू लागली. पण जरा वेळानं म्हणाली, "त्या बाईले पोरं किती रे?"

"माहीत नाही. मी विचारलंच नाही."

"मंग आता एक व्हय."

त्यानंतर दोनच दिवसांनी पाहिलं तर चुलीमागच्या भिंतीत एक नवा खिळा होता. विचारलं तर आई म्हणे, पिशवी टांगाले. पण त्याला आजवर तिनं काही टांगलेलं नाही.

आपा, तुला मराठी वाचता येत नाही, तरी इथेच लिहून ठेवतो. माझा नान संपवायला मी येणार आहे. कधी ते ठाऊक नाही, पण येणार. येताना आईच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणीन, दोन्ही बाजूंनी भाजलेली. तू तिचा एक घास दातानं तोड. उरलेली मी फडक्यात बांधून परत आणीन आणि त्या खिळ्याला टांगीन. मग तुलाही यावंच लागेल.